आधी आत, मग दिवा

लोकांना वाटतं, पासवर्ड कॉम्प्युटरच्या पोटात कुठेतरी सुवाच्य अक्षरात लिहिलेला असतो आणि मी, म्हणजे कारखान्याची कॉम्प्युटरवाली, दुपारच्या चहाबरोबर तो वाचत बसते. त्या आठवड्यात या एका गैरसमजाने माझं डोकं पार पिकवलं.

"मॅडम, माझा पासवर्ड काय आहे हो?" पॅकिंगच्या ताईंनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"अगंबाई! मग तुम्हाला पगार कशाचा देतात?"

शेवटी मी पिठाचं उदाहरण काढलं. म्हटलं, हे बघा, तुम्ही देता तो पासवर्ड म्हणजे गहू. मशीन तो दळतं आणि फक्त पीठ ठेवून घेतं. उद्या तुम्ही पुन्हा तोच गहू आणलात की ते पुन्हा दळून बघतं. पीठ तेच निघालं की दार उघडतं. पिठावरून मूळचा गहू ओळखणं कुणाच्या बापाला जमत नाही, मला तर नाहीच नाही. आता आपण गिरणी बदलतोय. नवी गिरणी जास्त बारीक दळते, तिला जुनं पीठ चालत नाही. म्हणून प्रत्येकाने माझ्या टेबलाशी यायचं आणि आपला जुना पासवर्ड एकदा, फक्त एकदा टाकायचा. जुनी सिस्टीम म्हणेल, हो, हा आपलाच माणूस. मग नवी तो आपल्या पद्धतीने दळून ठेवेल. शुक्रवारी जुनी बंद. विषय संपला.

"म्हणजे येताना गहू आणायचा का?" घासाई खात्यातल्या एकाने विचारलं. चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, देव जाणे. मी हात टेकले.

कारखाना आमचा चष्म्याच्या काचांचा. दुकानांकडून ऑर्डरी येतात, उजव्या डोळ्याचा नंबर इतका, डाव्याचा इतका. त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, मग त्यांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडते आणि तो ट्रे घासाई, पॉलिश, तपासणी असा फिरत फिरत पॅकिंगला पोचतो. दिवसभर पाण्याची धार, मशीनची घरघर आणि सगळ्यांच्या अॅप्रनवर पॉलिशचे पांढरे शिंतोडे. ऑर्डरी चढवायच्या खोलीत खिडकीपाशी जे टेबल आहे, तिथे बसतात माझ्या सासूबाई.

हो, सासूबाई. एकाच कारखान्यात. हे ऐकून लोक आधी डोळे मोठे करतात आणि मग हळूच विचारतात, "पटतं का?" पटतं हो. म्हणजे आम्ही भांडतो, पण पटतं. कामावर मी त्यांना "आई" म्हणायचं नाही असं आमच्यात ठरलं होतं, ते मी एकदाही पाळलेलं नाही. त्या मात्र मला कामावर "मॅडम" म्हणतात, आणि अशा काही म्हणतात की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

पण कामाला वाघीण बाई. कीबोर्डच्या उजव्या अंगाला तो आकड्यांच्या बटणांचा चौकोन असतो ना, त्यावर त्यांचा हात पडला की बघत राहावं. नजर चिठ्ठीवर, बोटं चौकोनावर, आणि तोंडाने शेजारच्या टेबलावरच्या बाईला मुलीच्या अभ्यासाबद्दल सल्ला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून डावा डोळा उजव्यात आणि उजवा डाव्यात कधी गेला नाही. तपासणीवाले काका म्हणतात, "बाईंचा ट्रे आला की मी निम्मा चष्मा पुसूनच बघतो." म्हणजे काय ते त्यांनाच माहीत, पण ती स्तुती आहे.

तर सोमवारी सकाळी रांगेत पहिल्या सासूबाई. पर्स मांडीवर, चष्मा दोरीला, केस चापूनचोपून. मागे अर्धा कारखाना उभा.

"मॅडम, सुरू करायचं का?"

"करा ना, आई."

पासवर्ड टाकताना त्या डोळे मिटतात. घट्ट. त्यांचं म्हणणं, आपण स्वतः बघितलं नाही की दुसऱ्यालाही बघायची लाज वाटते. मी सभ्यपणे तोंड फिरवलं. बटणं वाजली, त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर तांबड्या अक्षरात आलं होतं, पासवर्ड चुकीचा आहे.

"बोट घसरलं," त्या म्हणाल्या.

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा बटणं. पुन्हा तांबडं.

तिसऱ्यांदा त्यांनी एकेक बटण असं दाबलं की जणू भिंतीत खिळा ठोकत होत्या. मशीनने खातं कुलूपबंद करून टाकलं.

"तुमचं मशीन बिघडलंय," त्या म्हणाल्या.

आता मशीन नवंकोरं. सगळी जुनी मशीनं आम्ही शनिवारीच गोदामात नेऊन रचली होती आणि टेबलाटेबलावर नवी बसवली होती. त्यात आमचे व्यवस्थापक येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना आटपासाहेब म्हणतात, कारण "आटपा, आटपा" याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नाही. "आटपा, आटपा, मागे रांग आहे," ते म्हणाले. आणि मीही घाईत बोलून गेले, "अहो आई, विसरला असाल. होतं असं. दोन मिनिटांत नवा देते."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एरवी त्यांनी मला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "विसरले नाही मी," आणि पर्स उचलून गेल्या.

मग बाकीची जत्रा सुरू झाली. पॉलिशचे मिस्त्री आले ते पाच जणांना घेऊन. "आमचा सगळ्यांचा एकच आहे, मॅडम. आम्ही एकत्र कुटुंब." स्टोअरकीपरनी पासवर्ड टाकायच्या ऐवजी माझ्या कानात येऊन सांगितला. "सांगू नका हो मला!" म्हणून मी ओरडले, तोवर त्यांचं सांगून झालं होतं. एक ताई म्हणाल्या, माझा पासवर्ड नवऱ्याचं नाव आहे, पण तो बदलायचाय. नवरा नव्हे, पासवर्ड. या गडबडीत सासूबाईंचा चेहरा माझ्या डोक्यातून निघून गेला, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी मी त्यांना एक तात्पुरता पासवर्ड करून दिला. त्यांनी तो मुकाट्याने घेतला. मुकाट्याने! तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. अर्ध्या तासाने शेजारची बाई मला बोलवायला आली. जाऊन बघते तर सासूबाई कीबोर्डपासून हात लांब धरून बसलेल्या.

"आकडे येत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "मी दाबतेय सात, आणि ते पळतंय भलतीकडेच."

मी बघितलं. आकड्यांच्या चौकोनाच्या वर एक बटण असतं, ते दाबलं की शेजारी छोटा हिरवा दिवा लागतो. दिवा लागलेला असला तर चौकोनातून आकडे उमटतात. नसला तर तीच बटणं नुसती कर्सरला इकडून तिकडे पळवतात, उमटत काहीच नाही. त्यांचा दिवा बंद होता. मी बटण दाबलं, दिवा लागला. "झालं बघा," म्हटलं आणि गेले. डोक्यावर कामं काय कमी होती?

बुधवारी तेच. पुन्हा दिवा बंद, पुन्हा मी धावत.

गुरुवारीही तेच. तेव्हा मात्र माझी सटकली. पॉलिशच्या पाचही जणांचे वेगवेगळे पासवर्ड करून देण्यात माझी सकाळ गेली होती, ते एकत्र कुटुंब फुटायला तयार नव्हतं. मी फाडकन म्हणाले, "अहो आई, रोज रोज काय हे? सांगितलं ना काल!"

खोलीतली टकटक थांबली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "सांगितलं होतंस का गं?"

मॅडम नाही, गं. सगळ्यांसमोर.

त्या संध्याकाळी घरी त्या मटार सोलत बसल्या होत्या. नवरा समोर, मी ओट्यापाशी. मटाराकडे बघतच त्या म्हणाल्या, "उद्याचा दिवस भरते आणि सोडते मी काम. साहेबांना सांगितलंय."

"एका पासवर्डसाठी?" मी म्हटलं. "अहो, निम्मा कारखाना विसरलाय! स्टोअरकीपरनी माझ्या कानात सांगितला तोसुद्धा चुकीचा निघाला!"

"आई, काय झालं?" नवरा म्हणाला. हा माणूस सहसा बोलत नाही, दोन बायकांच्या मधे राहून ते त्याला परवडत नाही.

मग त्या बोलल्या. नवऱ्याची मावशी, म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, गेली काही वर्षं वृद्धाश्रमात असते. तिला आता कोणी ओळखू येत नाही. दर बुधवारी सासूबाई काम सुटल्यावर तिच्याकडे जातात, आणि मावशी त्यांना नर्सबाई म्हणून हाक मारते. हे मला माहीत होतं. सुरुवात कशी झाली ते माहीत नव्हतं.

"ताईची एक बॅग आहे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वडिलांची. तिला आकडे फिरवायचं कुलूप आहे. लहानपणी आम्हा दोघींनाच तो नंबर माहीत होता, आईलासुद्धा नव्हता. एक दिवस मी गेले तर ताई बॅगेसमोर बसलेली. फिरवतेय, फिरवतेय. मला म्हणाली, हे कुलूप कुणीतरी बिघडवलंय." त्यांनी एक शेंग उगाच दोनदा सोलली. "सोमवारी तुझ्या टेबलाशी मी काय म्हणाले आठवतंय?"

तुमचं मशीन बिघडलंय. मला आठवत होतं.

"मला खात्री होती गं. अजून आहे. तोच पासवर्ड आहे, मी रोज तोच टाकत आले. पण तिलाही खात्रीच होती ना! आणि आता तू मला बटणाचं सांगितलंस तेही आठवत नाही. उद्या माझ्या हातून आकडा चुकला तर? कुणीतरी नवा चष्मा घालून जिना उतरायला लागेल आणि शेवटची पायरी त्याला दिसणारच नाही. मला भीती वाटते. माझी मलाच भीती वाटते."

त्यांचे डोळे भरून आले. नवरा उठून त्यांच्या शेजारी बसला आणि मटार सोलायला लागला, त्याला दुसरं काही सुचेना. मी ओट्यापासून येऊन त्यांच्यासमोर बसले. काल बुधवार असूनही त्या मावशीकडे गेल्या नव्हत्या, "पाय दुखतात" म्हणाल्या होत्या. ते मला तेव्हा कुठे जाणवलं.

शुक्रवार उजाडला. दुपारी जुनी सिस्टीम बंद करायचा छोटासा समारंभ होता. जुनी सिस्टीम म्हणजे ऑर्डरीच्या खोलीतच कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात घरघरणारा एक खोका. साहेबांनी चहा आणि बिस्किटं मागवली होती, बटण ते स्वतः बंद करणार होते. त्याच चहात सासूबाईंचा निरोप समारंभही उरकायचा असा त्यांचा बेत. आटपा म्हणजे किती आटपा!

मी सकाळीच सासूबाईंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, निदान आज त्यांना मला बोलवायला लागू नये. त्यांनी मशीन चालू केलं. तात्पुरता पासवर्ड टाकला, अर्थात डोळे मिटून. दार उघडलं. आणि त्याच क्षणी, चिठ्ठ्यांचा गठ्ठा डाव्या हाताने ओढता ओढता, त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपसूक गेलं आणि चौकोनावरचं बटण दाबून आलं.

हिरवा दिवा विझला.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हे बटण का दाबलंत?"

"दिवा लावायला."

"अहो, दिवा लागलेलाच होता!"

"कसा असेल?" त्या म्हणाल्या. "सकाळी दिवा कधीच लागलेला नसतो. आधी आत जायचं, मग दिवा लावायचा. मोठ्या बाईंनी शिकवलंय."

मोठ्या बाई म्हणजे या खोलीच्या पहिल्या मुख्य. मी यायच्या कितीतरी आधी निवृत्त झालेल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी आता फक्त सासूबाई उरल्यात. जुनी मशीनं सुरू व्हायची ती दिवा बंद ठेवून, म्हणून मोठ्या बाईंनी सगळ्यांना ही शिस्तच लावली होती. आत जाण्याआधी दिवा का लावायचा नाही? तर घरात शिरण्याआधी कुणी दिवा लावतं का, असं त्यांचं उत्तर. त्यांना उलटून विचारायची कुणाची छाती नव्हती.

नवी मशीनं सुरू होतात तीच दिवा लावून. म्हणजे सासूबाई रोज सकाळी इमानदारीत तो विझवत होत्या. आणि मी रोज येऊन तो नुसता लावून जात होते. सांगितलं मी त्यांना कधी काही नव्हतंच! आठवणार काय, कपाळ?

एवढ्यावर मी त्यांची माफी मागून मोकळी होणार, तेवढ्यात डोक्यात दुसरी वीज चमकली. आधी आत, मग दिवा. म्हणजे आत जाताना, पासवर्ड टाकताना, इतकी वर्षं दिवा बंद!

"आई, तुमच्या जुन्या पासवर्डमध्ये आकडे आहेत?"

"का सांगू?"

"फक्त हो की नाही, एवढंच."

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "आहेत. शेवटी."

"आणि ते तुम्ही या चौकोनातून टाकता?"

"मग काय डोक्यातून टाकते?"

मी स्टूल पाडत उठले. तिकडे साहेब काचेच्या कपाटाचं दार उघडून उभेच होते, हातात चहा आणि बिस्कीट. "आटपा, आटपा, दुपारपर्यंत कशाला थांबायचं? सगळे आलेतच तर..."

"हात लावायचा नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की बिस्कीट चहात पडलं. मागून पॉलिशचे पाचजण एकदम म्हणाले, "काय झालं?"

मी साहेबांना बाजूला सारून आधी माझं काम केलं. सासूबाईंचा तात्पुरता पासवर्ड काढून टाकला, त्यांचं खातं पुन्हा जुन्या रांगेत उभं केलं, कुलूप काढलं. आता त्या जो पासवर्ड टाकतील तो नवी सिस्टीम कोपऱ्यातल्या खोक्याला विचारणार होती, आणि खोका खरं काय ते सांगणार होता. तो एकदा बंद झाला असता की हे सांगणारं जगात कुणीच उरलं नसतं.

"आई, या. बसा. दिवा बंद आहे. असाच राहू दे. तुम्ही रोज टाकायचात तसा टाका. अक्षरं, आकडे, सगळं. काही बदलू नका."

त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण मी काहीतरी धरलंय एवढं कळलं होतं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच राहिल्या. सगळा कारखाना दारात.

"आणि नाही उघडलं तर?" त्या पुटपुटल्या. "या सगळ्यांसमोर?"

"नाही उघडलं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. गप्प बसेन."

"तू? गप्प?" त्या म्हणाल्या, आणि त्या अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "बघ हं. साक्षीदार आहेत." आणि बसल्या.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा!" मी फर्मावलं.

फिरवली हो सगळ्यांनी. साहेब, मिस्त्री, स्टोअरकीपर, तपासणीवाले काका, पॅकिंगच्या ताया, झाडून सगळे भिंतीकडे तोंड करून उभे, हातात चहाचे कप. मीसुद्धा. मागे बटणांचा आवाज सुरू झाला. अक्षरं. मग चौकोनावरचा तो ओळखीचा भराभर आवाज. मग शेवटचं मोठं बटण.

मग काहीच नाही.

"उघडलं का?" साहेबांनी भिंतीला विचारलं.

"मला कसं दिसणार, मी भिंतीकडे बघतेय," मी म्हटलं. "आई, उघडलं का?"

"माझे डोळे मिटलेले आहेत," मागून आवाज आला.

"अहो, मग उघडा ना!"

"नाही उघडत. तू बघ."

"तुमचं तुम्ही बघा, आई."

कुणी हलेना. मी चष्मा न लावणारी बाई, पण त्या क्षणी मला समोरची भिंतही धड दिसत नव्हती. मग खुर्ची करकरली.

"अगं," सासूबाई म्हणाल्या. आणि मग, "अगं, उघडलं."

मी वळले. पडद्यावर त्यांचं नाव, त्यांच्या ऑर्डरी. त्या दोन्ही हात तोंडावर धरून बसल्या होत्या आणि रडत होत्या. मीही रडले. स्टोअरकीपर उगाचच टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच. साहेबांनी बुडालेलं बिस्कीट चमच्याने बाहेर काढलं आणि विचारलं की आता बंद करू का. "करा," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "आणि माझा निरोपसुद्धा बंद करा. मी कुठेही जात नाहीये."

नंतर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, या वेळी खरोखर, नीट बसून. दिवा बंद असताना दाबलेले आकडे मशीनला कधी पोचलेच नव्हते. पासवर्ड केला तेव्हाही नाही, कारण जुन्या सिस्टीमवर तो आत जाण्याआधीच करावा लागायचा, आणि रोज टाकला तेव्हाही नाही. दिवा लागलेला असल्यामुळे नव्या मशीनला ते पहिल्यांदाच दिसले, आणि म्हणून ते म्हणालं चुकीचं. डोळे मिटलेले असल्यामुळे पडद्यावर ठिपके कमी उमटतायत हे सासूबाईंनी कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं माझा पासवर्ड नुसती अक्षरं होता?" त्या म्हणाल्या. मग ती अक्षरं कुठली ते त्यांना आठवलं आणि त्या खुदकन हसल्या. "अरे देवा. कुणीही ओळखला असता की गं." मग मला खोलीबाहेर काढून त्यांनी आपला नवा पासवर्ड केला.

रविवारी त्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर ताईकडे. बुधवार बुडलाय माझा." मला त्यांनी आजवर कधी बोलावलं नव्हतं. वाटेत, रस्ता ओलांडताना, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "ते आकडे बॅगेचे होते."

"कुठले?"

"पासवर्डमधले. ताई विसरली ना, त्यानंतर मी माझा पासवर्ड बदलला. म्हटलं रोज सकाळी एकदा तो नंबर बोटांखालून जाऊ दे. दोघींतल्या एकीला तरी आठवायला हवा." मग थोडं चालून म्हणाल्या, "म्हणून गेले नाही मी बुधवारी. दर वेळी ती बॅग माझ्याकडूनच उघडून घेते. मशीन म्हणालं चुकलाय. बॅगही तेच म्हणाली असती तर मी काय केलं असतं?"

मी त्यांचा हात धरला. गर्दी नव्हती, गाडी येत नव्हती, तरी धरला.

मावशी खिडकीपाशी बसली होती. बारीक, स्वच्छ, केस सासूबाईंसारखेच चापूनचोपून. "या नर्सबाई," ती म्हणाली. "मागच्या वेळी आला नाहीत. माझी बॅग तशीच राहिली."

बॅग पलंगाखाली होती. तपकिरी, कडा झिजलेल्या. सासूबाईंनी ती ओढून पलंगावर ठेवली, चष्मा लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड फिरव."

मी फिरवलं. मागे चाकं कुरकुरत फिरली, एक, दुसरं, तिसरं. मग टक् असा आवाज आला आणि झाकण उघडलं.

"नर्सबाई," मावशी म्हणाली, "तुम्हाला बरा आठवतो हो माझा नंबर."

"आठवतो," सासूबाई म्हणाल्या. "चांगला आठवतो."

मी आणखी थोडा वेळ भिंतीकडेच तोंड करून उभी राहिले. मला एवढ्यात वळायचं नव्हतं.